कंसातला मजकूर सुटतो कसा? आंतरराष्ट्रीय करारांच्या वाटाघाटी पहिल्यांदा समजून घेणाऱ्यांसाठी

हा लेख कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या अशा लोकांसाठी आहे, ज्यांची एखादी लहानशी संस्था आहे, अभ्यासगट आहे किंवा नुसता एका विषयाचा ध्यास आहे, आणि काम करता करता तो विषय एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराला जाऊन भिडलाय. असे विषय आपल्याकडे बरेच आहेत. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात आपलं राधानगरी अभयारण्य आहे. ती यादी १९७२ च्या एका कराराखाली चालते. निपाणी भागात तंबाखू पिकवणाऱ्यांचं पुढे काय, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात स्वतंत्र कलम आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते संरक्षण देशाच्या सीमेपाशी थांबतं आणि त्यापलीकडचं बोलणं जिनिव्हात चालतं. पूर ओसरल्यावर पंचगंगेच्या काठच्या झाडांना लटकलेलं प्लास्टिक ज्यांनी पाहिलंय, त्यांना प्लास्टिक कराराची बोलणी परकी वाटायचं कारण नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. या वाटाघाटींत संस्थेला मत नसतं आणि मसुद्यावर लेखणी चालवायचा हक्कही नसतो. तुमचं वाक्य करारात जायचं असेल, तर ते एखाद्या सरकारने आपलं म्हणून मांडावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी माणसं ओळखा

गळीत हंगामाच्या तोंडावर होणारी ऊसदराची बैठक डोळ्यांसमोर आणा. कारखान्यांचे आणि शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी समोरासमोर, मध्ये जिल्हाधिकारी कार्यालय. बैठक बोलावणं, आकडे पुरवणं, इतिवृत्त लिहिणं, बोलणी तुटायला लागली की दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवणं हे कार्यालयाचं काम. दर मात्र ते ठरवत नाही. कराराच्या सचिवालयाचं काम बरंचसं असंच असतं. फरक इतकाच की जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे शासनाची सत्ता उभी असते, सचिवालयाच्या मागे ती नसते. त्याला सदस्य देशांनीच नेमलेलं असतं आणि त्याचा पगारही तेच देतात.

ही सचिवालयं जगभर विखुरलेली आहेत. हवामान कराराचं जर्मनीत बॉनला, जैवविविधतेचं कॅनडात माँट्रियलला, ओझोनचं नैरोबीला, जागतिक वारसा केंद्र पॅरिसला युनेस्कोत. बौद्धिक संपदेचं वायपो, व्यापाराचं डब्ल्यूटीओ आणि तंबाखू कराराचं सचिवालय जिनिव्हात. कागदावर त्यांना अधिकार नाही, पण कागद तेच तयार करतात, आणि ही मोठी ताकद आहे. विषयपत्रिका, देशांच्या सूचनांचं संकलन, पुढच्या फेरीच्या आधीची टिपणं हे सगळं तिथून येतं. हवामानावरच्या पॅरिस कराराच्या शेवटच्या सभेत, १२ डिसेंबर २०१५ ला, हे जगाने पाहिलं. विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घेत राहावा, हे अंतिम मसुद्यात बंधन म्हणून छापलं गेलं होतं आणि अमेरिकेला ते चालणार नव्हतं. सचिवालयाच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून छपाईतल्या दुरुस्त्यांची यादी वाचली, तीत त्या बंधनाची अपेक्षा झाली, आणि थोड्याच वेळात करार स्वीकारल्याचा हातोडा पडला.

नवख्यांना एक सल्ला: सचिवालयाला साधी, मुद्देसूद ईमेल लिहायला संकोचू नका. कार्यपद्धतीबद्दलच्या प्रश्नाला ते सहसा उत्तर देतात. कुठला देश चूक, कुठला बरोबर, हे मात्र विचारू नका. त्यावर ते बोलू शकत नाहीत.

सरकार म्हणजे एकच आवाज, हाही समज सोडा. भारताच्या वतीने हवामान आणि प्लास्टिकवर पर्यावरण मंत्रालय बोलतं, डब्ल्यूटीओत वाणिज्य, तंबाखूवर आरोग्य. त्यांची मतं दिल्लीतच एकमेकांशी जुळलेली असतात असं नाही. तंबाखूचंच पाहा: आरोग्य मंत्रालयाला खप कमी करायचा आहे, पण पीक शेतीचं आहे आणि निर्यात वाणिज्य खात्याची. शिवाय देश गटागटाने बोलतात. १९६४ मध्ये स्थापन झालेला जी-७७ हा विकसनशील देशांचा सर्वात मोठा गट. नावात ७७ असले तरी आज त्यात १३० हून जास्त देश आहेत आणि चीन त्यांच्याबरोबर बोलतो. हवामानाच्या बोलण्यांत भारत याशिवाय ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि चीन यांच्याबरोबर ‘बेसिक’ गटात आणि समविचारी विकसनशील देशांच्या गटातही असतो. बुडण्याची भीती असलेल्या बेटांचा गट वेगळा. भारताची भूमिका कळली पण त्याचे गट कळले नाहीत, तर अर्धंच कळलं.

तिसरे आपण, बिगरसरकारी. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: या रांगेत उद्योगांच्या संघटनाही असतात. गळ्यात तसाच बिल्ला, मागे तशीच खुर्ची. तंबाखू करारातलं कलम ५.३ आरोग्य धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवायला सांगतं. बहुतेक करारांत असं कुंपण नाही. शेजारी बसलेला माणूस कुणाच्या पैशाने आलाय, हे विचारायची सवय लावून घ्या.

पहिली पायरी: एक करार, त्यातलं एक कलम

‘हवामान बदल’ हा विषय घेऊन कुणी वाटाघाटीत टिकत नाही, कारण एकाच वेळी डझनभर खोल्यांत डझनभर मुद्दे चाललेले असतात. निपाणीच्या शेतकऱ्यांबरोबर काम करत असाल तर तंबाखू कराराचं कलम १७ घ्या. तंबाखूवर पोट असणारे मजूर आणि शेतकरी यांना परवडणारे पर्याय मिळावेत, असं ते सांगतं. चपलेचे कारागीर तुमच्याबरोबर असतील तर वायपोतली पारंपरिक ज्ञान आणि पारंपरिक सांस्कृतिक आविष्कार यांच्यावरची बोलणी बघा. ही बोलणी करणारी समिती २००१ पासून बसते आहे. तिच्या कामातून २४ मे २०२४ ला जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानाचा करार झाला. पेटंट मागणाऱ्याने मूळ कुठलं ते उघड करावं, हा त्याचा गाभा. चपलेची घडण आणि नक्षी त्यात येत नाही. त्या बाजूची बोलणी अजून बाकी आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली तेव्हा आपल्याकडे संताप झाला, आणि तो रास्त होता. तो जिथे टिकाऊ रूप घेऊ शकतो, अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे.

मग मूळ करार वाचा, त्यावरचे लेख नंतर. करार वाटतात तितके लांब नसतात; पॅरिस करारात २९ कलमं आहेत, दृष्टिहीनांच्या पुस्तकांबद्दलच्या मराकेश करारात २२. दोन संध्याकाळी पुरतात.

दुसरी पायरी: बोलणी कुठल्या टप्प्यावर आहेत ते शोधा

साधारण क्रम असा. आधी कुठलीतरी मोठी सभा ठराव करते की अमुक विषयावर करार करू. मग वाटाघाटी समिती बसते, तिच्या फेऱ्या होतात, मसुदा घडतो, आणि शेवटी राजनैतिक परिषदेत किंवा सदस्यांच्या सभेत तो स्वीकारला जातो.

प्लास्टिकचा ठराव २ मार्च २०२२ ला नैरोबीत झाला. पहिली फेरी त्याच वर्षी उरुग्वेत, मग पॅरिस, नैरोबी, ओटावा आणि २०२४ अखेरीस बुसान. तिथे जमलं नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा बसले, आणि तिथूनही करार न होता उठले. अडलं ते मुख्यतः एका जागी: प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालायची, की कचऱ्यापुरतं बोलायचं.

या सगळ्यात नवख्यांच्या नजरेतून सुटणारी घटना २०२३ च्या पॅरिस फेरीतली आहे. पाच दिवसांतला मोठा वेळ प्लास्टिकवर नव्हे, तर कार्यपद्धतीवर गेला: एकमत झालं नाही तर मतदान घ्यायचं की नाही? बाहेरच्याला हा वेळकाढूपणा वाटेल. पण मतदान नसेल तर एकटा देशही करार अडवू शकतो. हवामान करारात नेमका हाच नियम १९९५ पासून कंसात, म्हणजे एकमत न होता, पडून आहे. कार्यपद्धती कधी स्वीकारलीच गेली नाही, म्हणून तिथे सगळं सर्वसहमतीने चालतं. सर्वसहमती म्हणजे सगळे खूश असं नव्हे; अध्यक्षाने विचारल्यावर कुणी हरकत घेतली नाही, एवढंच. तेव्हा कुठल्याही कराराकडे वळताना पहिला प्रश्न हा विचारा: इथे मतदान होतं का?

आणि दुसरा: मसुदा किती पिकलाय? ठराव होण्याआधी आणि पहिल्या दोन फेऱ्यांत नवी कल्पना शिरू शकते. शेवटच्या फेरीत आलेल्याला फार तर एखादं विशेषण वाचवता येतं. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या शेवटच्या फेरीच्या, म्हणून बहुतेक लोक उशिरा जागे होतात.

तिसरी पायरी: मसुदा वाचायला शिका

इथे घाई करू नका. ज्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवतात. आमच्या अभ्यासगटात नव्याने आलेल्यांना आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहून देतो. ते कुठल्या करारातलं नाही, सरावासाठी रचलेलं आहे:

“[प्रत्येक पक्ष] [ज्यांना शक्य आहे असे पक्ष] तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पर्यायी पिकांसाठी [पुरेसं आणि खात्रीचं] आर्थिक साहाय्य [देईल] [द्यावं] [देण्याचा विचार करू शकेल], [राष्ट्रीय परिस्थितीनुसार].”

आता एकेक कंस उघडा. पहिला कंस कोणावर जबाबदारी हे ठरवतो; ‘पक्ष’ म्हणजे करारात सामील झालेला देश. ‘ज्यांना शक्य आहे’ आलं की प्रत्येक देश स्वतःच ठरवणार, आपल्याला शक्य आहे की नाही. ‘पुरेसं आणि खात्रीचं’ हे पैसे मागणाऱ्या देशांनी घातलेलं असणार, आणि पैसे देणाऱ्यांना ते नको असणार. क्रियापदाच्या तीन पर्यायांत बंधन, सल्ला आणि मोकळीक अशी उतरंड आहे. शेवटचा कंस सर्वात निरुपद्रवी दिसतो, पण तो सुटून वाक्यात राहिला तर आधीचं सगळं सैल होतं. प्रत्येक कंसापुढे पेन्सिलीने लिहा: हा कुणी घातला असेल, आणि तो काढायला त्याच्या बदल्यात काय मागेल? हा सराव झाला की खरा मसुदा घेऊन बसा.

काही शब्द कानावर पडतील ते माहीत असू द्या. ‘झिरो ड्राफ्ट’ म्हणजे बोलणी सुरू करायला दिलेला पहिला मजकूर. ‘नॉन-पेपर’ म्हणजे ज्याची मालकी कुणी अधिकृतपणे घेत नाही असा कागद, चाचपणीसाठी फिरवतात. ‘चेअर्स टेक्स्ट’ म्हणजे गाडं अडल्यावर अध्यक्षाने स्वतःच्या अंदाजाने कंस काढून मांडलेला मजकूर. तो धाडसाचा डाव असतो. जिनिव्हात प्लास्टिकच्या अध्यक्षांनी तो दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो टिकला नाही.

एका शब्दावर किती अवलंबून असतं, हे ग्लासगोत १३ नोव्हेंबर २०२१ ला दिसलं. कोळशाची वीज ‘टप्प्याटप्प्याने बंद’ करण्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ करण्याचा आग्रह भारताने अखेरच्या सभेत धरला. बेटांच्या प्रतिनिधींनी उघड नाराजी नोंदवली, तरी करार मोडू नये म्हणून ते मान्य केलं. भारताची बाजू पटो वा न पटो, असा बदल अखेरच्या तासाला करता येतो तो देशालाच, संस्थेला नाही.

एक करार जवळून: मराकेश

मला विचाराल तर नवख्याने अभ्यासायला सर्वात चांगला करार हाच. तो हवामानासारखा अवाढव्य नाही, आणि त्यात संस्था, सचिवालय आणि सरकारं या तिघांचंही काम स्वच्छ दिसतं.

प्रश्न असा होता. दृष्टिहीन माणसासाठी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात करायला कॉपीराइटची परवानगी लागे. ज्या देशांनी कायद्यात सूट दिली होती, तिथेही केलेली प्रत दुसऱ्या देशात पाठवता येत नसे. म्हणजे एकाच पुस्तकाचं तेच कष्टाचं काम प्रत्येक देशाने पुन्हा करायचं. दृष्टिहीनांच्या जागतिक संघटनेने, वर्ल्ड ब्लाइंड युनियनने, नुसती तक्रार केली नाही. कायदेतज्ज्ञांना बरोबर घेऊन तिने कराराचा मसुदाच तयार केला. मे २००९ मध्ये ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे या तीन सरकारांनी तो वायपोत आपला प्रस्ताव म्हणून ठेवला. मसुदा संस्थेचा, नाव तीन देशांचं. वर जे सांगितलं, ते प्रत्यक्षात असं दिसतं.

पुढची चार वर्षं सोपी नव्हती. प्रकाशकांच्या संघटना आणि अमेरिकेतला चित्रपट उद्योग सावध होते; आज दृष्टिहीनांना सूट दिली तर उद्या दुसरं कुणी मागेल, ही त्यांची भीती. मोठी खडाजंगी झाली ती बाजारातल्या उपलब्धतेच्या अटीवर. पुस्तक सुलभ रूपात आधीच विकत मिळत असेल तर सूट नको, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू विचारी: बोत्स्वानातल्या शाळेने ते विकत मिळतं की नाही हे तपासायचं कसं आणि किती दिवस? तडजोड निघाली ती कराराच्या कलम ४ मध्ये: हवी त्या देशाने ती अट आपल्या कायद्यात ठेवावी, नको त्याने ठेवू नये. कंस सुटण्याची ही नेहमीची पद्धत आहे. दोघांपैकी कुणी हरत नाही, निर्णय घरी नेऊन घ्यायचा.

करार २७ जून २०१३ ला मराकेशमध्ये स्वीकारला गेला. त्याला अनुसमर्थन देणारा, म्हणजे तो स्वतःवर बांधून घेणारा, पहिला देश भारत, जून २०१४ मध्ये. विसावं अनुसमर्थन आलं आणि तीन महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०१६ ला, तो अंमलात आला. भारत इतक्या लवकर पुढे येऊ शकला, कारण इथल्या दृष्टिहीनांच्या संस्थांनी आधी दिल्लीत काम केलं होतं: कॉपीराइट कायद्यातली सूट २०१२ मध्येच झाली होती.

चौथी पायरी: रस्ता दिल्लीतून जातो

आपल्या राज्यघटनेप्रमाणे करार करणं हे केंद्राचं काम. करारावर संसदेची संमती घेणं बंधनकारक नाही. मंत्रिमंडळ निर्णय घेतं. कलम २५३ नुसार करार अंमलात आणण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर, राज्यांच्या सूचीतल्या विषयावरही, कायदा करू शकते. म्हणजे मुंबईला निवेदन देऊन थांबलात तर काम अर्धवट राहिलं. संबंधित मंत्रालयात त्या कराराचं काम पाहणारे सहसचिव आणि संचालक कोण, हे आधी शोधा. त्यांना एक पानाचं टिपण पाठवा, त्याहून मोठं नको. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कुठल्या कलमातला कुठला कंस, तिथे नेमके कुठले शब्द हवेत, आणि त्याला जमिनीवरचा पुरावा काय. तिसऱ्या बाबतीत आपण दिल्लीतल्या मोठ्या संस्थांपेक्षा श्रीमंत आहोत. तंबाखू सोडून भाजीपाला लावलेल्या शेतकऱ्याचा एकरी जमाखर्च, त्याच्याच वहीतला, मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

टिपण फेरीच्या तीन-चार महिने आधी पोचलं पाहिजे, कारण शिष्टमंडळाला दिलेल्या सूचना तेव्हाच घडत असतात. निघायच्या आठवड्यात आलेला कागद कुणी उघडत नाही.

खासदारांनाही विसरू नका. जिल्ह्यात कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. संसदेत विचारलेल्या प्रश्नाला मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं नोंदीत राहतं. माहिती अधिकारही वापरा, पण जपून. परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(अ) खाली नाकारता येते, म्हणून ‘भारताची भूमिका काय’ असं विचारलंत तर नकार येण्याची शक्यता मोठी. ‘या विषयावर कुणाकुणाशी, कोणत्या तारखांना सल्लामसलत झाली’ असं विचारलंत तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि यादीत शेतकरी एकही नाही हे त्यातूनच दिसतं.

राधानगरीचा धडा इथेच सांगायला हवा. पश्चिम घाटाच्या प्रस्तावावर तज्ज्ञ सल्लागार म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१२ मध्ये सांगितलं होतं की निर्णय लांबणीवर टाका, प्रस्तावात सुधारणा हव्यात. सेंट पीटर्सबर्गला बसलेल्या २१ देशांच्या समितीने तो सल्ला बाजूला ठेवून ठिकाणं यादीत घेतली. भारत तेव्हा समितीचा सदस्य होता. तज्ज्ञांचा अहवाल आपल्या बाजूचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे यातून शिकावं. पण याच करारात सामान्य माणसासाठी एक दार आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. कार्यपद्धतीच्या परिच्छेद १७४ नुसार वारसास्थळाला धोका असल्याची माहिती सरकारखेरीज दुसऱ्या कुणाकडून आली, तर सचिवालय संबंधित देशाला विचारून तिची शहानिशा करतं. असं पत्र लिहायचं तर आरोप कमी आणि कागद जास्त हवेत: गावाचं नाव, गट नंबर, तारखेसह फोटो, परवानगीच्या आदेशाची प्रत.

पाचवी पायरी: आत जायचा परवाना

संयुक्त राष्ट्रांची सर्वसाधारण मान्यता आर्थिक व सामाजिक परिषदेकडून मिळते. संस्था नोंदणी होऊन किमान दोन वर्षं झालेली हवी, अर्जाची मुदत दरवर्षी १ जून, फी नाही. १९ देशांची समिती अर्ज तपासते आणि प्रश्न विचारत राहते, त्यामुळे वेळ लागतो. हवामान, वायपो, तंबाखू यांच्या मान्यता वेगळ्या असतात. वायपोच्या पारंपरिक ज्ञान समितीत फक्त त्या समितीपुरती मान्यता घेता येते, आणि मान्यता मिळालेल्या स्थानिक समुदायांच्या प्रतिनिधींच्या प्रवासासाठी तिथे ऐच्छिक निधीही आहे. लहान संघटनेला हा मार्ग सोपा. त्याच समितीचा नियम मात्र कायम लक्षात ठेवा: निरीक्षकाने, म्हणजे आपल्यासारख्या संस्थेने, सुचवलेले शब्द एखाद्या सदस्य देशाने पाठिंबा दिला तरच मसुद्यात राहतात.

स्वतःची मान्यता येईपर्यंत मान्यता असलेल्या संस्थेच्या यादीतून जाता येतं. देशातल्या मोठ्या संस्थांना वेळेत विचारा. बिल्ले मोजके असतात.

पैशाबद्दल सावध राहा. परदेशी संस्थेने प्रवासखर्च दिला आणि तो तुमच्या संस्थेच्या खात्यावर येणार असेल, तर परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आधी सीएला विचारा, मग होकार कळवा.

सहावी पायरी: सभागृहात, किंवा घरी बसून

मोठ्या सभेला प्लेनरी म्हणतात. तिथे भाषणं होतात, सहा अधिकृत भाषांत दुभाषे असतात आणि शेवटी हातोडा पडतो. खरं काम लहान खोल्यांत चालतं: संपर्क गट, अनौपचारिक सल्लामसलती, अध्यक्षाच्या निवडक देशांचा गट. खोली जितकी लहान, तितकी निरीक्षकांना आत बसू देण्याची शक्यता कमी. तिथे दुभाषेही नसतात, सगळं इंग्रजीत. हा लहान देशांवर आणि आपल्यासारख्यांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण जाताना तयारी त्याचीच करून जा.

सकाळी आपल्या गटाची बैठक चुकवू नका. हवामानात निरीक्षकांचे नऊ गट आहेत: पर्यावरण संस्था, शेतकरी, कामगार संघटना, महिला, तरुण, मूलनिवासी, संशोधक, स्थानिक प्रशासन आणि उद्योग. प्लेनरीत बोलायला गटाला दोन-तीन मिनिटं मिळतात, तीही देशांचं बोलून वेळ उरला तर. त्या भाषणाने मसुदा क्वचित बदलतो. बदलतो तो कॉरिडॉरमध्ये, जिथे तुम्ही एखाद्या प्रतिनिधीच्या हातात दोन ओळींचा कागद देता आणि तो म्हणतो, “हे मला मेलवर पाठवा.” त्या क्षणी मेल तयार हवी. बंद खोलीत कुणी काय म्हटलं ते नावानिशी बाहेर टाकू नका. पुढच्या वेळी कुणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि दार सगळ्याच संस्थांना बंद होईल.

जाणं जमलं नाही तरी फार बिघडत नाही. बहुतेक प्लेनरी इंटरनेटवर दिसतात. उन्हाळ्यात जिनिव्हा आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. पर्यावरणाच्या करारांसाठी ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’ १९९२ पासून दररोजचा वृत्तांत काढतं, कुठला देश काय म्हणाला यासकट. विकसनशील देशांच्या बाजूने वाचायचं तर ‘थर्ड वर्ल्ड नेटवर्क’ची वार्तापत्रं वाचा. आम्ही चार-पाच जण मसुद्याची छापील प्रत घेऊन बसतो, बुलेटिन वाचत कंस खोडत जातो आणि प्रत्येकाला एकेका देशगटाची जबाबदारी देतो. शिवाजी विद्यापीठातल्या किंवा कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल.

हातोडा पडल्यावर

स्वीकार, सही, अनुसमर्थन आणि अंमल या चार वेगळ्या तारखा आहेत. बातम्यांत त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. सही म्हणजे इरादा. बांधून घेणं अनुसमर्थनाने होतं. किती देशांनी अनुसमर्थन दिल्यावर करार जिवंत होईल, हे प्रत्येक करार स्वतः सांगतो. मराकेशला २० लागली, वायपोच्या २०२४ च्या कराराला १५ लागतात. पॅरिसला दुहेरी अट होती: ५५ देश आणि जगाच्या उत्सर्जनातला ५५ टक्के वाटा. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला अनुसमर्थन दिलं आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला करार लागू झाला.

त्यानंतरचं काम गावात असतं आणि ते बहुतेक जण सोडून देतात. मराकेशचंच घ्या. आपल्या कायद्याने दृष्टिहीनांसाठी ना-नफा काम करणारी संस्था पुस्तकाची सुलभ प्रत तयार करू शकते. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून अशा प्रती एकत्र ठेवतं, आणि वायपोच्या ‘अॅक्सेसिबल बुक्स कन्सोर्शियम’मधून देशोदेशीच्या ग्रंथालयांत देवाणघेवाण चालते. तुमच्या ओळखीत दृष्टिहीन मुलांची शाळा किंवा वसतिगृह असेल, तर तिथल्या ग्रंथपालांना भेटून तीन गोष्टी विचारा: सुगम्य पुस्तकालयाचं सदस्यत्व घेतलंय का, मुलांना कुठली मराठी पुस्तकं हवी आहेत आणि मिळत नाहीत, आणि वाचून ध्वनिमुद्रण करायला किती जण लागतील. मग ती यादी घेऊन कामाला लागा.